तास कधी सांगावेत?

१९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत (जुनी माणसे तिला टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात) टेल्को कंपनीची एक जाहिरात लागली होती. तरुण, हुशार अभियंते हवे होते, आणि स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नयेत, असे जाहिरातीच्या तळाशी स्पष्ट छापले होते. तिथे शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीने ती वाचली आणि थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. तिला बोलावणे आले, मुलाखत पुण्यात झाली, आणि पुढे सुधा मूर्ती म्हणून सर्वांना ठाऊक झालेल्या या बाई टेल्कोच्या कारखान्यातील पहिल्या स्त्री-अभियंता ठरल्या. ही कथा आपण धैर्याची कथा म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. मला मात्र तिच्यातील दुसरी एक गोष्ट अलीकडे वारंवार आठवते. ती अट छापलेली होती. अन्यायाची होती, पण उघड होती. आक्षेप घ्यायला समोर एक वाक्य होते.

टेल्कोचा पिंपरीचा कारखाना हिंजवडीपासून फार लांब नाही. मधल्या पन्नास वर्षांत म्हातोबाच्या बगाडाचे हे गाव राजीव गांधी इन्फोटेक पार्क झाले. औद्योगिक विकास महामंडळाने पाडलेले त्याचे तीन टप्पे 'फेज वन, टू, थ्री' या नावांनी रिक्षावाल्यांच्याही तोंडी बसले. इथल्या जाहिरातींच्या तळाशी आज कोणी स्त्रियांना मज्जाव करीत नाही. उलट, समान संधीचे एक वाक्य तिथे आवर्जून असते. पदाचे नाव असते, अनुभवाची वर्षे असतात, अवगत असायला हव्यात अशा संगणकीय भाषांची लांबलचक यादी असते. नसतात ते तास. दिवसातले किती तास, त्यांतले किती लवचीक, किती अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे, याविषयी जाहिरात मौन पाळते. आणि जिथे वाक्यच नाही तिथे पोस्टकार्ड कशावर लिहायचे?

हा प्रश्न माझ्यापर्यंत आला तो शेजारच्या एका बाईंमुळे. नऊ वर्षे त्यांनी सॉफ्टवेअर तपासणीचे काम केले होते. मुलगी झाल्यावर चार वर्षे घरी होत्या. आता मुलगी शाळेत जाऊ लागली, आणि त्यांना पुन्हा कामावर जायचे होते. पण दिवसाला पाचच तास. त्यांचा हिशेब सरळ होता. शाळेची बस साडेआठला येते आणि तीनला मुलीला परत आणते. सासूबाईंचे गुडघे गेले आहेत. पती फेज थ्रीमध्ये, रात्री उशिरापर्यंत परदेशी ग्राहकांशी बोलणारे. मी महाविद्यालयात व्यावहारिक मराठी शिकवते, त्यात अर्जलेखन येते, एवढ्या आधारावर त्यांनी मला विचारले, "ताई, अर्जात हे पाच तासांचं कुठे घालायचं हो? विषयात, मजकुरात, की शेवटी?"

मी त्या क्षणी उत्तर दिले नाही. देण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. पाठ्यपुस्तकातल्या अर्जात त्यासाठी जागाच नसते. 'महोदय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंतच्या त्या साच्यात शैक्षणिक पात्रता आहे, अनुभव आहे, 'संधी दिल्यास मी प्रामाणिकपणे काम करीन' अशी ग्वाही आहे. उमेदवाराने स्वतःची एखादी अट सांगावी, अशी ओळ त्यात नाही. आणि हे केवळ विस्मरण नव्हे. अर्ज हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि त्याचा मूळ भाव वरिष्ठापुढे केलेले निवेदन असा आहे. पेशवाईतली पत्रे 'विज्ञापना' करीत; इंग्रजी अमदानीतली पत्रे 'अर्ज' करू लागली; खालून वर पाहण्याची मान मात्र तशीच राहिली. त्याच वाटेने आलेला दुसरा शब्द आहे करार. ठरणे, स्थिर होणे हा त्याचा भाव. करारात दोन पक्ष असतात आणि दोघांच्याही अटी असतात. पाच तासांची गोष्ट खरे तर कराराची गोष्ट आहे. पण नोकरी शोधणाऱ्याच्या हाती सुरुवातीला फक्त अर्ज असतो. अर्जाचे रूपांतर करारात नेमके कुठल्या क्षणी होते, हे ओळखणे म्हणजेच 'तास कधी सांगावेत' या प्रश्नाचे उत्तर शोधणे होय.

शेजारच्या बाईंनी तो क्षण तीन वेळा तीन ठिकाणी शोधला. पहिल्या कंपनीतून दूरध्वनी आला तेव्हा पलीकडच्या मुलीने ठरलेले तीन प्रश्न विचारले: सध्याचा किंवा शेवटचा पगार किती, अपेक्षा किती, रुजू कधी होणार. हिंजवडीत नोकरी शोधलेल्या कोणालाही हे तीन प्रश्न पाठ असतात. बाईंनी उत्तरे दिली आणि प्रामाणिकपणे पाच तासांचे सांगितले. "मॅम, आमच्याकडे तशी पोझिशन नाहीये," असे म्हणून दोन मिनिटांत फोन बंद झाला. त्या मुलीचा दोष नव्हता. तिच्यासमोरच्या तक्त्यात तासांचा रकानाच नसावा. आणि ज्याला रकाना नाही त्याचे उत्तर 'नाही' हेच असते.

यावरून धडा घेऊन दुसऱ्या ठिकाणी त्या गप्प राहिल्या. सगळ्या फेऱ्या पार पडल्या, नेमणुकीचे पत्र हाती आले, आणि मग त्यांनी तासांचा विषय काढला. तिथल्या मनुष्यबळ विभागाने पत्र मागे घेतले नाही, पण "हे आधी सांगायला हवं होतं" हे वाक्य ज्या स्वरात उच्चारले गेले, त्या स्वरात पुढची वर्षे काढणे त्यांना नकोसे वाटले. त्यांनीच नकार कळवला. पहिल्या ठिकाणी त्या फार लवकर बोलल्या होत्या, दुसऱ्या ठिकाणी फार उशिरा. आणि दोन्ही वेळा चूक त्यांचीच, असे त्यांना वाटत राहिले. मला अस्वस्थ केले ते या वाटण्याने.

कारण त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर, रोज सकाळी तासांची बोलणी अगदी उघडपणे होतात. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी माणच्या बाजूने येतात. काम धरताना त्यांनी पगाराच्याही आधी वेळ सांगितली होती: "सातला येईन, साडेआठला निघेन. पुढं दोन घरं हायत, अकराला नातीला अंगणवाडीतनं आणायचं असतं." यात संकोच नव्हता आणि आर्जवही नव्हते. पटले तर धरा, नाहीतर राहू द्या. उच्चशिक्षित अभियंता बाईंना जे वाक्य उच्चारायला तीन फेऱ्या आणि तीन रात्री लागल्या, ते मावशींनी उंबरठ्यावर उभ्या राहून पहिल्या वाक्यात सांगून टाकले. याचा अर्थ मावशींची स्थिती अधिक चांगली आहे असा मुळीच नाही. त्यांना भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही, आणि एखादे घर सुटले तर पगाराचा एक तुकडा त्याच दिवशी गळतो. पण त्या काम विकतात, स्वतःला विकत नाहीत. पोळ्या किती, भाज्या किती, हे मोजता येते. त्यामुळे वेळही मोजता येते. पलीकडच्या काचेच्या इमारतींत माणसाचा अवघा दिवस विकत घेण्याची रीत आहे, आणि त्यातून एखादा तुकडा मागे ठेवून घेणे हे तिथे निष्ठेत कसर ठेवण्यासारखे समजले जाते.

ही रीत नुसती मनोवृत्तीतून आलेली नाही. तिच्यामागे हिशेब आहे. सेवा पुरवणाऱ्या संगणक कंपन्या परदेशी ग्राहकाला बहुतेक वेळा माणसे मोजून बिल लावतात. एक पूर्ण माणूस, दिवसाचे आठ तास, महिन्याचे इतके दिवस. अर्धा माणूस दाखवायचा तर उरलेला अर्धा कुठून आणायचा, हा व्यवस्थापकाचा खराखुरा प्रश्न असतो. शिवाय अमेरिकेची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. ग्राहकाशी बोलण्याची वेळ नेमकी मूल घरी असण्याची वेळ. २०२३ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अशा कामांना 'लोभी' म्हटले आहे. लोभी काम म्हणजे असे, की जो अधिक तास आणि अवेळी तास देईल, त्याला तासाच्या हिशेबापेक्षा कितीतरी अधिक मोबदला मिळतो. आणि जो कमी तास देईल त्याचा नुसता पगार घटत नाही, तर त्याच्या प्रत्येक तासाचाही भाव उतरतो. घरात दोघे सारखेच शिकलेले असले, तरी एकाने लोभी कामाला स्वतःला वाहून घेणे आणि दुसऱ्याने घर सांभाळणे हे पैशांच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते. तो दुसरा कोण असतो, हे सांगायला नको.

गोल्डिन आणि त्यांचे सहकारी लॉरेन्स काट्झ यांनी याला एक अपवादही दाखवला आहे, आणि तो मला फार उद्बोधक वाटतो. अमेरिकेतील औषधविक्रेत्यांच्या व्यवसायात स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतील दरी पुष्कळ कमी झाली, आणि अर्धवेळ काम करणाऱ्याला दर तासामागे जवळपास पूर्णवेळ माणसाइतकेच मिळू लागले. कारण कोणाचा कनवाळूपणा नव्हता. मोठ्या साखळी-दुकानांमुळे, प्रमाणित औषधांमुळे आणि संगणकावर नोंदवलेल्या रुग्णमाहितीमुळे एका औषधविक्रेत्याची जागा दुसरा सहज घेऊ शकला. काम एकाकडून दुसऱ्याकडे सोपवता येऊ लागले, की तास मागणे हा गुन्हा राहत नाही. गंमत अशी, की काम सोपवण्याची साधने सर्वाधिक कोणाजवळ असतील, तर ती हिंजवडीतल्या मंडळींजवळच. कोणी कोणती ओळ केव्हा बदलली याची नोंद ठेवणारी यंत्रणा त्यांच्याकडे आहे. रात्री पुण्यातून थांबलेले काम दुसऱ्या खंडातला माणूस पुढे नेतो, यावर तर हा सारा उद्योग उभा आहे. जे काम पुणे आणि टेक्सास यांच्यात वाटले जाऊ शकते, ते सकाळ आणि दुपार यांच्यात का वाटले जाऊ नये?

इथे मला माझ्या स्वतःच्या क्षेत्राकडे वळणे भाग आहे, कारण अर्धवेळ या शब्दाची दुसरी बाजू तिथे दिसते. दर पावसाळ्याच्या तोंडावर वर्तमानपत्रांत महाविद्यालयांच्या जाहिराती येतात, आणि त्यांत 'तासिका तत्त्वावर' हे शब्द ठळकपणे असतात. म्हणजे आमच्याकडे तास जाहिरातीतच सांगितलेले असतात. मग आमचे सारे आलबेल असायला हवे. प्रत्यक्षात नेट-सेट उत्तीर्ण, विद्यावाचस्पती झालेली माणसे घड्याळी तासावर दहा-दहा वर्षे शिकवतात. सुट्टीत मानधन नाही, पुढच्या जूनची खात्री नाही. त्यांना पूर्णवेळ हवे आहे, पण देऊ केले जाते ते तुकड्यांत. हिंजवडीत एका बाईला दिवसाचा तुकडा हवा आहे, तर तिला सांगितले जाते की दिवस अख्खाच घ्यावा लागेल. मालकाने मागितलेला अर्धवेळ ही काटकसर ठरते आणि नोकराने मागितलेला अर्धवेळ हा निरुत्साह ठरतो. शब्द एकच, तो कोण उच्चारतो यावर त्याची किंमत ठरते. म्हणूनच, 'सगळीकडे अर्धवेळ जागा काढा, म्हणजे स्त्रियांचा प्रश्न सुटेल' असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. तासांचे ओझे कमी व्हावे. पण त्याबरोबर माणसाचे मोलही उतरले, तर आपण एका कोंडीतून निघून दुसरीत शिरलो एवढेच.

जगात याचा विचार कायद्याने झालेला आहे. नेदरलँड्समध्ये २००० साली आणि जर्मनीत २००१ च्या आरंभापासून कामाचे तास कमी करून मागण्याचा अधिकार कर्मचाऱ्यांना मिळाला; जर्मनीत पंधरापेक्षा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी, आणि नोकरीला सहा महिने झाल्यावर. ब्रिटनची कथा आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळची आहे, कारण तिथे वाद 'कधी' याच शब्दाभोवती फिरला. २००३ मध्ये लहान मुलांच्या पालकांना लवचीक वेळ मागण्याचा हक्क मिळाला. पुढे २०१४ मध्ये तो सर्वच कर्मचाऱ्यांना लागू झाला. पण सव्वीस आठवडे नोकरी झाल्याशिवाय मागता येत नसे. ६ एप्रिल २०२४ पासून ही अट गेली, आणि पहिल्या दिवसापासून विचारता येऊ लागले. एकवीस वर्षांत तो देश सव्वीस आठवड्यांवरून पहिल्या दिवसापर्यंत आला. पण हा हक्कही कर्मचाऱ्याचा आहे, उमेदवाराचा नाही. पहिल्या दिवसाच्या आधीच्या, मुलाखतीच्या त्या चार खुर्च्यांच्या खोलीत कायदा तिथेही शिरत नाही.

आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची भरपगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची झाली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आणि रजेनंतर कामाचे स्वरूप तसे असेल तर परस्परसंमतीने घरून काम करण्याची वाटही कायद्यात नोंदवली गेली. या सर्वांचे स्वागतच केले पाहिजे. पण हे सारे नोकरीत असलेल्या स्त्रीसाठी आहे. नोकरी सोडून चार वर्षांनी परतणारी त्यात बसत नाही. दुसरे असे, की कायदा जागेविषयी बोलतो, तासांविषयी नाही. २०२० च्या महासाथीनंतर ही गल्लत अधिकच पक्की झाली. 'घरून काम द्यायला तयार आहोत, मग आणखी काय हवं?' असा सूर मी अनेकदा ऐकला. घरून काम म्हणजे कमी काम नव्हे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडलेल्या लॅपटॉपमधले नऊ तास नऊच असतात. फक्त भूमकर चौकातले दोन वाचतात. तेही थोडे नाहीत म्हणा! अर्धवेळ नोकरीला रस्ता मात्र अर्धा मिळत नाही; पाच तासांच्या कामासाठी दोन तास वाकडच्या पुलापाशी घालवले, की पगाराचा हिशेब कसाही मांडला तरी तो तोट्याचाच दिसतो.

परतणाऱ्या स्त्रियांचा विचार आपल्या उद्योगांनी केलाच नाही, असेही नाही. टाटा समूहाने २००८ साली खंड पडलेल्या स्त्रियांसाठी एक योजना काढली. तीत पाचशे तासांच्या आसपासचे एखादे प्रत्यक्ष काम काही महिन्यांत, लवचीक वेळेत पुरे करायचे असे. मला त्यातला तासांचा आकडा महत्त्वाचा वाटतो. काम किती तासांचे, हे देणाऱ्यानेच आधी सांगितले होते. ज्या समूहाच्या कंपनीने १९७४ साली जाहिरातीत मज्जाव छापला होता, त्याच समूहाने चौतीस वर्षांनी तास छापले, हा प्रवास लहान नाही. पण अशा योजना म्हणजे मुख्य दाराशेजारचे लहान दार. मुख्य दारावरची पाटी अजून कोरीच आहे.

तेव्हा आजच्या घडीला, पाटी कोरी असताना, तास सांगायचे कधी? शेजारच्या बाईंच्या निमित्ताने मी जो विचार केला, तो असा. आधी स्वतःशी ठरवावे, की तास ही आपली अट आहे की इच्छा. अट असेल, म्हणजे पाच तासांपलीकडे कोणत्याही पगारावर शक्यच नसेल, तर पहिल्या संभाषणातच सांगावे. दोन्ही बाजूंचे दिवस वाचतात, आणि तो बंद झालेला फोन हे अपयश नसून उत्तर असते. इच्छा असेल, सहा-सात तासांपर्यंत तडजोड होण्यासारखी असेल, तर थांबावे. पण शेवटपर्यंत नव्हे. तांत्रिक फेऱ्या झाल्या, आपले काम त्यांना आवडले, आणि ज्याच्या हाताखाली प्रत्यक्ष काम करायचे त्या व्यवस्थापकाशी गाठ पडली, की तो क्षण आला. त्याच्या आधी आपण केवळ एक नाव असतो; त्याच्यानंतर पगाराचा आकडा ठरून जातो, आणि ठरलेल्या आकड्यातून तास काढून घेणे त्यांना फसवणुकीसारखे वाटते. अर्जाचा करार होतो तो या दोहोंच्या मध्ये. आणि काम वाटून देता येईल की नाही, हे मनुष्यबळ विभागाला नव्हे, व्यवस्थापकालाच ठाऊक असते.

कोणी म्हणेल, की तोवर गप्प राहणे म्हणजे 'नरो वा कुंजरो वा' झाले. मला तसे वाटत नाही. धर्मराजाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हळू आवाजात दिले, हा त्याचा दोष होता. इथे प्रश्न विचारलेलाच नाही. 'पूर्णवेळ येणार ना?' असे कोणी विचारले, तर मात्र त्याच क्षणी, त्याच आवाजात, खरे सांगितले पाहिजे. न विचारलेल्याचे मौन आणि विचारलेल्याचे मौन यांत हा भेद राखला, तर मनावर ओझे राहत नाही.

आणि सांगताना कारण सांगू नये, तास सांगावेत. मूल, सासूबाई, गुडघे हे सारे खरे आहे, पण ते ऐकणाऱ्याच्या मनात दया उत्पन्न करते, आणि दयेवर मिळालेले तास पहिल्या तातडीच्या कामात काढून घेतले जातात. 'सकाळी साडेनऊ ते अडीच मी पूर्णपणे उपलब्ध आहे; एवढ्या वेळात या प्रकारचे एवढे काम होईल' हे मावशींचे वाक्य आहे, आणि तेच अधिक टिकते. मान्य झाले, तर नेमणुकीच्या पत्रात लिहून घ्यावे: तास कोणते, पगार कोणत्या प्रमाणात, रजा आणि विमा कसा. रोज पाच तास आणि आठवड्यातून तीन पूर्ण दिवस यांची बेरीज जवळपास सारखी दिसते. पण उपदानासाठी सलग सेवेचा वाद निघाला तर कायदा तास नव्हे, दिवस मोजतो. आठवड्यात सहापेक्षा कमी दिवस चालणाऱ्या आस्थापनेत वर्षाला १९०, एरवी २४०. तीन दिवसांचे गणित तिथे अपुरे पडते, रोजच्या पाच तासांचे पुरते. तोंडी ठरलेले तास पहिल्या तिमाहीपर्यंतही टिकत नाहीत, असे त्या क्षेत्रातले अनुभवी लोक सांगतात.

तिसऱ्या ठिकाणी शेजारच्या बाईंनी दुसऱ्या तांत्रिक फेरीनंतर, व्यवस्थापकाशी बोलताना, विषय काढला. तो गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिला आणि त्याने विचारले, "कुठले पाच तास?" 'का' असे न विचारता 'कुठले' असे विचारणारा तो पहिलाच माणूस होता. पुढे पाचाचे सहा झाले, पगार सहा तासांच्या प्रमाणापेक्षा थोडा कमीच ठरला, आणि सहा महिन्यांनी फेरविचार होईल अशी ओळ पत्रात आली. सहावा तास घरून, संध्याकाळी. हा विजय आहे असे मी म्हणणार नाही. त्याही म्हणत नाहीत. पण तो करार आहे, आणि त्यावर दोघांच्या सह्या आहेत.

मला मात्र या सगळ्या शहाणपणाचा थोडा रागच येतो. कधी बोलावे, कुठल्या फेरीनंतर, कोणत्या स्वरात, हे सारे कौशल्य एका बाजूनेच का कमवावे? ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे म्हटले, तेव्हा देशभर चर्चा झाली. ज्यांनी १९८१ मध्ये पुण्यातच इन्फोसिसचा आरंभ केला, त्यांनी तासांचा आकडा उघडपणे सांगितला, याबद्दल मी त्यांचे आभार मानायला तयार आहे, आकडा मला मुळीच मान्य नसला तरी. कारण आकडा सांगितला, की वाद घालता येतो. जाहिरातीत एवढेच यावे: तास किती, त्यांतले किती हलवता येतील, आणि कमी तासांचा विचार होईल की नाही. 'नाही' असे छापले तरी चालेल. मग ज्या बाईला पाच तास हवे आहेत ती उगाच तीन फेऱ्या देणार नाही, आणि जिला तो नकार अन्यायाचा वाटेल ती निदान एक पोस्टकार्ड तरी लिहू शकेल.

यंदापासून वर्गात मी अर्जलेखनाच्या जोडीला जाहिरातलेखनाचा एक स्वाध्याय ठेवला आहे. विद्यार्थ्यांनी नोकरी देणाऱ्याच्या खुर्चीत बसून जाहिरात लिहायची, आणि तीत कामाचे तास नमूद करायचे. पहिल्या खेपेला चाळीसपैकी बहुतेकांनी पगार लिहिला, पात्रता लिहिली, 'आकर्षक सवलती' लिहिल्या. तास विसरले. ज्यांच्या आया पहाटे उठून तीन-तीन घरांच्या वेळा सांभाळतात, अशीही मुले त्यांत होती. मी वह्या परत केल्या आणि तासांची ओळ लिहून आणायला सांगितली.